शाळेतला पोषण आहार तपासायचा? मग पातेलं चुलीवर चढण्याआधी पोहोचा

शाळेतल्या खिचडीची तक्रार घेऊन येणारे बहुतेक पालक दुपारी एक वाजता येतात. ताट बघतात, डाळ पातळ दिसते, मोबाइल काढून व्हिडिओ करतात, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना चार शब्द सुनावतात आणि घरी जातात. आठवड्याने डाळ पुन्हा तेवढीच पातळ.

मीही हेच केलं होतं. आमच्या शाळेतलं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी होतं. आम्ही तिघा पालकांनी ओरड केली आणि ताईंचं काम जाता जाता वाचलं. नंतर साठा नोंदवही उघडली तर दिसलं, तूरडाळ अकरा दिवसांपूर्वीच संपली होती. उसनवारीच्या दोन किलोंवर सगळ्या शाळेचं वरण चाललं होतं. ज्या बाईंवर आम्ही तोंड टाकलं, त्यांच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं.

शिजलेल्या पातेल्यात किती डाळ गेली हे कुणालाही सिद्ध करता येत नाही. ते मोजता येतं फक्त शिजण्याआधी, म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. हा लेख मुख्यतः जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांमधल्या पहिली ते आठवीच्या पोषण आहाराबद्दल आहे. खासगी शाळेच्या कँटीनबद्दल शेवटी थोडं आहे.

## टप्पा १ : जाण्याआधीची तयारी

कोण जाणार? एकटे जाऊ नका, पण दहाजणही नकोत. दोघे-तिघे पुरे, आणि त्यात शाळा व्यवस्थापन समितीचा निदान एक सदस्य असावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे सदस्य शोधायला लांब जायला नको, तुमच्या गल्लीतच कुणीतरी असेल. पोषण आहारावर देखरेख ठेवणं हे समितीचं कामच आहे. त्यामुळे तुम्ही ‘धाड टाकायला’ जात नाही, हे स्वतःच्याही मनात पक्कं करून जा.

काय न्यायचं? वही, पेन, किराणा दुकानात असतो तसा छोटा डिजिटल वजनकाटा (शाळेचा काटा चालतो की नाही हे तिथे गेल्यावरच कळतं) आणि मिळाल्यास अन्नात खुपसायचा थर्मामीटर. बस्स.

कोणत्या दिवशी? पाहुणे येणार असतील, केंद्रप्रमुखांची भेट ठरलेली असेल किंवा राष्ट्रीय सण असेल, तो दिवस टाळा. साधा मंगळवार किंवा गुरुवार बरा. आणि एका भेटीवर काहीही ठरवू नका. पंधरा दिवसांत तीन भेटी झाल्या तर चित्र कळतं.

> सावध : स्वयंपाकघरात जाताना चपला बाहेर काढा, हात धुवा, डोक्याला रुमाल बांधा. स्वच्छता तपासायला आलेला माणूस धुळीच्या बुटांनी पातेल्याशेजारी उभा राहिला तर पुढचं कुणी ऐकत नाही.

## टप्पा २ : आकडे पाठ करा

गणित अवघड नाही, पण ते न करता गेलात तर ‘कमी वाटतंय’ यापलीकडे तुमच्याकडे बोलायला काही नसतं. एका मुलामागे शिजवण्याआधीचं, म्हणजे कच्चं प्रमाण असं :

- पहिली ते पाचवी : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळणं अपेक्षित आहे.
- सहावी ते आठवी : तांदूळ १५० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. अपेक्षा ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांची.

आता त्या दिवशीच्या हजेरीने गुणा. पटाने नाही, हजेरीने. समजा धाकट्या वर्गांत ८४ मुलं हजर आहेत आणि थोरल्या वर्गांत ४६. तर त्या दिवशी पातेल्यात जायला हवं : तांदूळ १५ किलो ३०० ग्रॅम, डाळ ३ किलो ६० ग्रॅम, भाजी ७ किलो ६५० ग्रॅम, तेल ७६५ ग्रॅम. तेल मापाने घेत असतील तर हे साधारण ८४० मिलिलिटर भरतं, कारण एक लिटर तेलाचं वजन किलोपेक्षा कमी असतं. इथे हटकून वाद होतो, आधीच माहीत असू द्या.

सगळा जोर डाळीवर का? शंभर ग्रॅम तांदळातून सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि वीस ग्रॅम डाळीतून साडेचारच्या आसपास. बेरीज बाराच्या घरात जाते. डाळ निम्मी झाली की प्रथिनं साडेनऊवर येतात, पण भात तेवढाच असल्यामुळे पोट भरलेलं दिसतं आणि मूलही तक्रार करत नाही. ही तूट डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर मात्र लगेच दिसते.

> तपासा : सकाळी मोजलेली हजेरी, हजेरीपटावरची संख्या आणि त्या दिवशी ऑनलाइन भरलेली लाभार्थी संख्या, हे तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. दोन-चारचा फरक कुठेही निघतो. रोज पंधरा-वीसचा फरक निघत असेल तर प्रश्न डाळीच्याही पुढचा आहे.

## टप्पा ३ : कोठीची खोली

शाळेत पोहोचल्यावर पहिली पायरी स्वयंपाकघर नाही, कोठी. मुख्याध्यापकांना भेटा, साठा नोंदवही मागा आणि त्यांच्यासोबतच आत जा.

नोंदवहीतली शिल्लक आणि समोरची पोती जुळतात का, हे पाहा. पोती नुसती मोजू नका, निदान दोन काट्यावर ठेवा. ‘पन्नास किलोचं’ पोतं सत्तेचाळीस भरलं तर तो तोटा माल उतरवतानाच झालेला असतो. गावाकडच्या शाळांत पुरवठादाराचा टेम्पो येतो, गुरुजी तासावर असतात, पावतीवर सही होते आणि वजन कुणीच करत नाही. सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माल वजन करूनच घ्यायचा, कमी भरला तर पावतीवरच तसं लिहायचं, मग सही. सही झाल्यावरच्या तक्रारीला फारसं वजन उरत नाही.

मग मालाची अवस्था पाहा. पोती थेट जमिनीवर नकोत, खाली लाकडी फळ्या हव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर. आधी आलेलं पोतं आधी वापरलं जातं का? तांदळात हात घालून मूठभर काढा. कुबट वास, सोंडे, जाळी धरलेले गोळे दिसले तर ते पोतं बाजूला ठेवायला सांगा. डाळ तळहातावर चोळा. तेलाच्या पिशवीवरची तारीख आणि अॅगमार्कचं चिन्ह वाचा, मीठ आयोडीनयुक्त आहे का ते पाहा. तिखट-मसाल्याची पुडी उघडी पडलेली नको.

> सावध : कोठीत कीटकनाशक, उंदराचं औषध, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांपैकी काहीही नको. कोपऱ्यातही नको, वरच्या फळीवरही नको. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली, ती स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेल्यामुळे. औषधाचा रिकामा डबा धुऊन तेलाला, पाण्याला किंवा तिखटाला वापरलेला दिसला तर त्या दिवशीचा स्वयंपाक तिथेच थांबवा.

### ‘प्लास्टिकचा तांदूळ’ ही तक्रार करण्याआधी

ही चूक इतकी होते की तिला वेगळी जागा द्यावी लागली. पोत्यावर ‘फोर्टिफाइड’ लिहिलेलं असेल तर त्या तांदळात पोषणद्रव्यं घातलेले दाणे मिसळलेले असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व कालवून ते पीठ यंत्रातून तांदळाच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. मूठभर तांदळात असे पंधरा-वीस दाणे निघतील. रंगाने किंचित वेगळे, कधी पाण्यावर तरंगणारे, बोटाला जरा गुळगुळीत. झालं! गावात बातमी फिरते की पोरांना प्लास्टिक खाऊ घालतात.

शंका असेल तर ते दाणे वेगळे काढून वाटीभर पाण्यात शिजवा. ते मऊ होतात, बोटांत चिरडले जातात. प्लास्टिक शिजत नाही. घरी आलेल्या धान्यातूनही हे दाणे निवडून फेकू नका, त्या तांदळात सगळ्यात कामाचे तेच आहेत. शाळेत ताईंना एवढंच सांगा की तांदूळ पाच-पाच वेळा चोळून धुऊ नका आणि भाताचं पाणी ओतून देऊ नका.

## टप्पा ४ : पातेलं चढण्याआधी

हा खरा टप्पा. सकाळच्या शाळेत स्वयंपाक लवकर चढतो, दुपारच्या शाळेत उशिरा. वेळ आदल्या आठवड्यात सहज विचारून ठेवा आणि त्याआधी पंधरा मिनिटं तिथे असा.

१. कोठीतून काढलेला तांदूळ, डाळ, तेल काट्यावर ठेवायला सांगा. स्वतः ओढाताण करू नका, ताईंनाच ठेवू द्या. टप्पा २ मधल्या आकड्यांशी ताडून वहीत लिहा.

२. भाजी निवडून झाल्यावर तोला. सगळ्यात मोठी गळती इथेच असते. धान्यादी माल बहुधा पुरवठा होऊन येतो, पण भाजी आणि इंधन शाळेने मिळालेल्या पैशातून आणायचं असतं. पैसे उशिरा आले की भाजी पहिली कटते. साडेसात किलोंच्या जागी चार बटाटे आणि कोथिंबिरीची जुडी दिसली, तर ‘भाजी का नाही?’ असं विचारू नका, ‘भाजीचे पैसे शेवटचे कधी आले?’ असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

३. पाणी कुठून येतं ते बघा. टाकी शेवटची कधी धुतली, झाकण बसतं का, पिण्याचं पाणी ओगराळ्याने काढतात की त्यात हात बुडतो? पावसाळ्यात मुलं आजारी पडतात तेव्हा संशय खिचडीवर जातो, पण बऱ्याचदा दोष पाण्यात असतो.

४. कडधान्याचा दिवस असेल तर मोड आलेली मटकी किंवा मूग नीट वाफवतात का, ते पाहा. ऊब आणि ओल मिळाली की मोडांबरोबर जंतूही वाढतात. लहान मुलांना कच्चे मोड ‘पौष्टिक’ म्हणून वाढू नयेत.

५. स्वयंपाक करणारे हात किती आहेत? केंद्राच्या निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० मुलांना दोन आणि पुढच्या दर शंभरामागे आणखी एक स्वयंपाकी-मदतनीस हवा. दीडशे मुलांचा स्वयंपाक दोघीच ओढत असतील तर भाजी न चिरता पडून राहणारच. ताईंच्या हाताला जखम, पू, जुलाब असं काही असेल तर त्यांना त्या दिवशी सुट्टी आणि मानधन दोन्ही मिळायला हवं. मानधन कापलं जाईल या भीतीने त्या दुखणं सांगत नाहीत.

> तपासा : केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येत असतील तर हा टप्पा शाळेत होत नाही. मग डबे आल्याची वेळ आणि शिजवल्याची वेळ विचारून लिहा आणि डबा उघडताच मधोमध थर्मामीटर खुपसा. ६० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ठीक. भात कोमट होऊन दोन तासांहून जास्त काळ बसला असेल तर घेऊ नका. शिजवण्यातही न मरणारे काही जिवाणू कोमट भातात वाढून विष तयार करतात आणि ते विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही.

## टप्पा ५ : चव आणि नमुना

मुलांना वाढण्याआधी निदान एका शिक्षकाने जेवण चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं, हे केंद्राच्या माध्यान्ह भोजनाच्या, म्हणजे याच पोषण आहाराच्या, मार्गदर्शक सूचनांतलंच आहे. चव अर्धा तास आधी घेतलेली चांगली, म्हणजे काही गडबड असली तर कळायला वेळ मिळतो. प्रत्यक्षात काय होतं? शनिवारी बसून आठवड्याभराच्या नोंदी एकाच शाईत लिहिल्या जातात : ‘चव चांगली, चव चांगली, चव चांगली’. गेल्या महिन्याची पानं उलटून पाहा. महिनाभरात एकदाही खारट, करपलेलं किंवा कच्चं लिहिलेलं नसेल तर एकतर त्या ताई सुगरणींच्या राणी आहेत, नाहीतर वही बघायला कुणी उघडतच नाही.

चाखताना वाफाळता घास घेऊ नका, गरम घासात खवटपणा लपतो. थोडं निवू द्या. आंबूस वास, खवट तेल, जिभेला लागणारा कडवटपणा, दाताखाली येणारा खडा, अर्धकच्ची डाळ, या पाचांवर लक्ष ठेवा. मीठ कमी हा दोष नाही. मुलांचं जेवण घरच्यापेक्षा अळणी असेल तर उलट बरंच.

रोजच्या जेवणाचा थोडा नमुना झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात, तारीख लिहून, चोवीस तास ठेवलेला हवा. ‘ठेवतो की’ असं म्हणाले तर कालचा डबा दाखवायला सांगा. खिडकीत उन्हाला ठेवलेला नमुना नसल्यातच जमा.

## टप्पा ६ : मुलं जेवताना

इथे तपासणी कमी, बघणं जास्त. पहिलीतल्या मुलाला पूर्ण वाटा संपत नाही, आठवीतला मुलगा दुसऱ्यांदा मागतो. दुसऱ्यांदा वाढतात का? शेवटच्या रांगेपर्यंत डाळीचा घट्टपणा तोच राहतो, की पहिल्या रांगेला घट्ट आणि शेवटच्यांना वरचं पाणी? पळी तळापासून ढवळायला सांगितलं तरी निम्मं काम होतं.

ताटात काय उरतं ते बघा. सगळ्याच ताटांत भोपळ्याच्या फोडी बाजूला काढलेल्या असतील तर तो चवीचा प्रश्न आहे. भोपळा किसून डाळीत घोटला की निघतो. शेवग्याचा पाला, मेथी, पालक बारीक चिरून खिचडीत घातले तर मुलं वेचत बसत नाहीत. परसबाग असलेल्या शाळेला हे सोपं जातं. जागा असेल तर निदान शेवग्याचं एक झाड लावा, लक्ष न दिलं तरी येतं.

आणि बसायची व्यवस्था. कुणी वेगळं बसवलं जातंय, कुणाचं ताट वेगळं ठेवलं जातंय, कुणाला वरून वाढलं जातंय, असं काही दिसलं तर ते आहाराच्या तक्रारीत मिसळू नका. ती वेगळी आणि अधिक गंभीर तक्रार आहे, लगेच लेखी द्या.

> सावध : जेवणाऱ्या मुलांचे चेहरे दिसतील असे व्हिडिओ काढू नका. फोटो हवाच तर काट्याचा, नोंदवहीचा, पोत्याचा काढा. व्हायरल व्हिडिओने स्वयंपाकी बदलते, डाळ बदलत नाही.

## टप्पा ७ : लेखी नोंद आणि तक्रारीचा क्रम

त्याच दिवशी, शाळेतच बसून अर्ध्या पानाची नोंद करा : तारीख, वेळ, हजेरी, काय किती असायला हवं होतं, काय किती निघालं, साठ्यात काय होतं. विशेषणं नकोत. ‘निकृष्ट दर्जाचं जेवण’ हे वाक्य फाइलमध्ये पडून राहतं. ‘१३० मुलांसाठी ३ किलो ६० ग्रॅम डाळ हवी होती, १ किलो ४०० ग्रॅम निघाली’ याला उत्तर द्यावंच लागतं. चांगलं दिसलं तेही लिहा. ते नाही लिहिलं तर पुढच्या वेळी तुम्हाला कोठीचं दार कुलूपबंद मिळेल.

मग पायऱ्या. आधी मुख्याध्यापक, लेखी आणि पोच घेऊन. मग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आणि इतिवृत्तात ठराव. त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि पोषण आहाराचं काम पाहणारे अधीक्षक, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक पायरीला आधीच्या पोचेची प्रत जोडा. पायरी गाळून थेट वर गेलात तर अर्ज फिरून खालीच येतो, महिनाभराने.

जेवण मिळालंच नाही, तर भाषा वेगळी हवी. धान्य, इंधन, पैसे किंवा स्वयंपाकी नाही म्हणून जेवण शिजलं नाही तर मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची असते. ही दोन्ही कलमं २०१५ च्या माध्यान्ह भोजन नियमांत आहेत, अर्जात तसा उल्लेख करा. तात्पुरते पैसे कमी पडले तर मुख्याध्यापकांना शाळेच्या इतर निधीतून खर्च करायची मुभाही याच नियमांनी दिली आहे. बऱ्याच गुरुजींना हे माहीत नसतं किंवा ऑडिटच्या धास्तीने ते तिकडे जात नाहीत.

### मुलांना उलट्या सुरू झाल्या तर

वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा. वाढप थांबवा. घरी गेलेल्या मुलांच्या घरी निरोप धाडा, कारण काहींना त्रास उशिरा सुरू होतो. पातेलं घासू देऊ नका, उरलेलं अन्न फेकू देऊ नका. घाबरून सगळ्यात आधी हेच केलं जातं आणि मग तपासायला काही उरत नाही. नमुन्याचा डबा, पाण्याचा बाटलीभर वेगळा नमुना आणि त्या दिवशी वापरलेल्या तेल-मसाल्याची पाकिटं बाजूला काढा. कुणी किती वाजता जेवलं आणि कुणाला किती वाजता त्रास सुरू झाला याची यादी करा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

## कँटीनची शाळा असेल तर

इथे तपासायला नोंदवही नाही, पण दोन आधार आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून चिप्स, नूडल्स, शीतपेयं अशा जास्त मीठ-साखर-चरबीच्या पदार्थांना शाळेच्या उपाहारगृहात मनाई आहे. शिवाय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही असे पदार्थ विकता येत नाहीत. कँटीनवाल्याचा परवाना भिंतीवर लावलेला आहे का ते पाहा, तळणीचं तेल बघा (काळपट, फेसाळणारं तेल म्हणजे कालचं) आणि पालकसभेत आठवड्याचा पदार्थांचा तक्ता मागा. सकाळी डब्याऐवजी मुलाच्या हातावर वीस रुपये ठेवणाऱ्या पालकाने ही मागणी केली की शाळा हसते, तेव्हा आधी ते वीस रुपये बंद करा.

## पुन्हा कधी जायचं

तक्रारीनंतर दोन दिवसांत जाऊ नका, त्या दिवसांत सगळं चकचकीतच असतं. तीन आठवड्यांनी जा, त्याच वेळेला, पातेलं चढायच्या पंधरा मिनिटं आधी. तोच काटा न्या. जुनं पान उघडून नवे आकडे त्याच्या शेजारी लिहा, आणि वजन करताना ताईंनाही दाखवा. आमच्या शाळेत आता पोतं उतरलं की टेम्पोवाल्याला आधी काट्यापाशी ताईच उभं करतात.